वाचता येतंय तोवर ठीक

मादौ या पपनसांच्या गावात किडनी निकामी झालेल्या माणसाला लोक 'धुवायला लागला' म्हणतात. त्यातही दोन जाती: पोट धुणारे आणि रक्त धुणारे. वीस वर्षं साखरेनं पोखरल्यावर थ्यामहूवर यातलं एक निवडायची पाळी आली, तेव्हा तो बाहत्तर वर्षांचा होता आणि बायको बोंगयो अडुसष्टची.

नर्स यी-चुन तरुण, पण समजावण्यात पक्की होती. "आजोबा, रक्त धुवायचं तर आठवड्यातनं तीन दिवस इथं यायचं. चार-चार तास मशीनवर. हाताची शीर जोडून घ्यावी लागेल, मग त्या हातानं जड उचलायचं नाही. फळं जवळपास बंद. पोट धुवायचं तर घरच्या घरी. पोटात नळी बसवू, दिवसातनं चार वेळा पिशवीभर पाणी आत सोडायचं, मागचं काढायचं. खाण्यापिण्याला थोडी मोकळीक. पण पोटात जंतू गेले तर जिवावर बेतेल."

"पपनस चालेल?" थ्यामहूनं विचारलं.

"पोट धुवाल तर एखादी फोड."

"मग पोट."

"बघा म्हाताऱ्या माकडाला," बोंगयो नर्सला म्हणाली, "एका फोडीसाठी पोटाला भोक पाडून घेतोय." पण खरं कारण तिला ठाऊक होतं. बापानं लावलेली पपनसाची साठ झाडं होती. रोज सकाळी प्रत्येक खोडाला हात लावल्याशिवाय तो कांजी प्यायचा नाही. तीन दिवस इस्पितळात आणि एक हात कायमचा जपून म्हणजे बाग गेली. तिला स्वतःला रक्तच बरं वाटत होतं, तिथं चूक झाली तर बघायला चार माणसं तरी असतात. तिनं तसं सांगून पाहिलं. "बाग तू बघतेस का मग?" एवढं बोलून त्यानं तिचं तोंड बंद केलं.

शिकवणी आठवडाभर चालली. शेवटच्या दिवशी यी-चुननं सांगितलं, "पोटातनं काढलेली पिशवी छापील कागदावर ठेवायची. पाण्यातनं अक्षरं वाचता आली तर ठीक. नाही आली, तर पिशवी घेऊन त्याच दिवशी इथं यायचं." बोंगयोनं मान डोलावली. तिला अक्षर येत नाही हे तिनं सांगितलं नाही, आणि विचारलंही कोणी नाही. शिकलेल्या लोकांना वाटतं, डोळे असले की वाचता येतंच. बोंगयो या नावाचा अर्थच मुळी 'आलीय तर वाढवू'. नको असताना झालेल्या मुलीला ठेवतात ते नाव. अशा मुलीला शाळेत कोण घालणार?

पण घरी तिनं काही कमी केलं नाही. पंखा बंद, दार बंद, तोंडाला फडकं, कोपरापर्यंत साबण. पिशवी भरली की ती पंचांगाचं फाडलेलं पान खाली सरकवायची आणि थ्यामहू वाचायचा, "आज पलंग मांडण्यास शुभ. माती उकरू नये." तिला ते ऐकायला आवडायचं. तोडलेलं पपनस पंधरा दिवस ठेवून त्यातल्या पाण्याला निरोप घेऊ देतात, तेव्हा कुठं ते गोड लागतं. थ्यामहू सुजलेल्या पायांकडे बघून म्हणायचा, "माझं पाणी निरोप घेतंय, पण गोडी काही येत नाही."

"येईल कशी? जन्मजात आंबट."

असे आठ महिने गेले. त्यात तो दोनदा उंबऱ्याला अडखळला, एकदा चहा पेल्याबाहेर ओतला. म्हातारपण, दुसरं काय, असं ती समजली.

तोडणीला महिना उरला असताना पंचांगाच्या पानावर पाणी सांडलं. तिनं दारात पडलेली छापील जाहिरात उचलून पिशवीखाली घातली. पिशवीतलं पाणी तिला तांदळाच्या धुवणासारखं दिसलं.

"हे गढूळ वाटतंय रे."

"बाईसाहेब वाचायला शिकल्या वाटतं!" तो हसला. मग त्यानं पिशवीवर वाकून वाचलं, "पलंग मांडण्यास शुभ. माती उकरू नये."

सगळ्या कागदांवर तेच लिहीत असतील, तिला वाटलं. ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशीही तेच पाणी, तेच वाचन. तिसऱ्या दिवशी तो पोट धरून कळवळला, अंग तापलं.

इस्पितळात यी-चुननं पिशवी उजेडात धरली आणि तिचा चेहराच उतरला. "आजी, अक्षरं बघितली नाहीत का?"

"रोज वाचलं की त्यानं," म्हणत बोंगयोनं घडी घातलेली जाहिरात पुढे केली. "पलंग मांडण्यास शुभ..."

यी-चुन कागदाकडे बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, "आजी, यावर प्लास्टिकच्या बादल्यांचा सेल आहे."

पोटातली नळी त्याच दिवशी काढली. पोट पुन्हा धुण्यालायक राहिलं नव्हतं. मानेत दुसरी नळी घालून रक्त धुवायला सुरुवात झाली. डोळेही तपासले तेव्हा कळलं, साखरेनं ते कधीच खाल्ले होते. डॉक्टरांनी बोंगयोला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय आता थकलंय, थंडी काढतील असं वाटत नाही.

बागेत तोडणी सुरू झाली त्या दिवशी तो मशीनवर होता. झाडांवर परकी माणसं चढली होती. बोंगयो शेजारच्या स्टुलावर बसली होती.

"दिसत नाही हे सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तेव्हाच इथं आणून झोपवलं असतं." त्यानं मोकळा हात चाचपडत तिच्या स्टुलापर्यंत नेला. मग म्हणाला, "खरंच गढूळ होतं?"

"होतं."

"तुला दिसलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग मी हसलो म्हणून गप्प बसायचं? उचलून आणायचं मला. तुझे डोळे तर चांगले होते."

त्याच्यावर ओरडावं, की त्याचे पाय धरून रडावं, बोंगयोला कळेना. बावन्न वर्षं ज्याला घरातला शहाणा मानलं, तो आंधळा होता, आणि दिसत होतं ते तिला एकटीला.

"मला वाचता कुठं येतं?" ती म्हणाली.