लाल झालेली पट्टी: असोदा ते धुळे

जळगाव स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत काड्यापेटीएवढी बारा यंत्रं होती. मालाच्या खोक्यात ठेवली की वाटेतलं तापमान आणि बसलेला प्रत्येक धक्का ती वेळेसकट नोंदवतात. खोक्याला बाहेरून एक पांढरी पट्टी. खोकं आपटलं की ती लाल होते. पुण्यातल्या आमच्या कंपनीतर्फे मी हे सगळं केळीवाल्यांना दाखवायला निघालो होतो.

असोद्याला केळी पिकवणाऱ्या नानांच्या मळ्यात लीलाअक्का खोकी भरत होत्या. केळीची फणी ठेवताना आवाजसुद्धा होत नव्हता. बारा खोक्यांत मी यंत्रं ठेवली आणि बाहेर पट्ट्या चिकटवल्या. दुपारी त्यांनी आपल्या डब्यातलं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी माझ्यापुढे केली. मी पोटभर जेवलो.

ट्रक दगाभाऊंचा. एरंडोलला ते चहाला थांबले. फोटो चांगला येईल म्हणून मी एक खोकं उतरवून कठड्यावर ठेवलं. ते घसरलं आणि खाली आदळलं.

"बठ्ठं बराबर शे ना, साहेब?" (सगळं ठीक आहे ना?) दगाभाऊंनी विचारलं.

"काही नाही झालं," म्हणत मी ते परत चढवलं. पट्टीकडे पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं.

पारोळ्यानंतर दोन्ही बाजूंना कपाशी लागली. धुळ्यात केळी पिकवण्याच्या गोदामात शेटजी वाटच पाहत होते. एका खोक्यावरची पट्टी लाल होती.

"हे कसं?"

दगाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "भरतानाच आपटलं असेल."

शेटजींनी तिथूनच नानांना फोन लावला, स्पीकरवर. नाना मागे वळून ओरडलेले ऐकू आले, "लीला, उद्यापासून येऊ नको!" मग लांबून अक्कांचा आवाज, "नाना, म्या नाही आपटलं."

फोन ठेवून शेटजी म्हणाले, "तुमचं यंत्र वेळ सांगतं ना? दाखवा." मी खोक्यातलं यंत्र लॅपटॉपला जोडलं. एकच मोठा धक्का दिसत होता, वेळेसकट. शेटजींनी दगाभाऊंना विचारलं, "या वेळी गाडी कुठं होती?"

"एरंडोलले. चहाना टायमाले." पुढचं त्यांनी माझ्यावर सोडलं.

"माझ्या हातून पडलं," मी म्हणालो. शेटजींनी पुन्हा नानांना फोन लावून माझ्यापुढे केला, पण फोनवर सांगायची मला लाज वाटली. नानांना एवढंच म्हणालो, "अक्कांची चूक नाही. सकाळी येऊन सगळं सांगतो."

सकाळच्या पहिल्या एसटीनं जळगाव, तिथून असोदा. मळ्यातल्या सगळ्या बायकांसमोर मी घडलेलं सांगितलं, अक्कांची माफी मागितली. नानांनीही मान खाली घातली आणि त्यांना कामाला बसायला सांगितलं.

अक्कांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "यंत्रानं सांगितलं म्हनून आले ना, भाऊ? त्यानं सांगितलंच नसतं, तं?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी पुढची फणी उचलली.

'तरीही आलो असतो,' एवढंच म्हणायचं होतं. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ते मी स्वतःशी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. खरं वाटलं नाही.