मांडी घालून मोटार हाकणारा सयाजी

आमच्या कुंडलचा सयाजी डायवर मांडी घालून मोटार हाकायचा. खोटं न्हाई. अर्धी मांडी म्हणा फार तर. उजवा पाय खाली, डावा मुडपून बुडाखाली.

लढाईत त्यानं ब्रह्मदेशाच्या चिखलातनं लष्कराच्या लॉऱ्या काढल्या हुत्या. परत आला तवा सांगलीच्या भाऊसो गूळवाल्यांनी, विलायतेला निघालेल्या एका साहेबाची अमेरिकन मोटार घेतली हुती, तिच्यावर सयाजीला ठेवलं. तिला क्लचच न्हवता. गेर आपलं आपण पडायचं. पैल्याच दिवशी सयाजीनं सवयीनं डावा पाय दणकून दाबला, तो पडला ब्रेकवर. मागं बसलेलं भाऊसो पुढच्या सीटवर येऊन आदळलं. तवापास्नं सयाजीनं त्या पायाला कामावरनंच काढलं.

त्याचा चुलतभाऊ कोंडीबा लय चिडवायचा. "गाडी आपली आपण चालती, मग तू कशाला रं? बुजगावणं म्हणून?" सयाजीला त्यो बोल लागायचा.

त्या साली कुंडलच्या मैदानात भाऊसोंनी पोसलेल्या गुंडा पैलवानाची कुस्ती ठरली. आटपाडीकडं मेंढरामागं वाढलेला गडी. वरीसभर त्यानं हीच एक कुस्ती डोळ्यापुढं ठेवून घाम गाळला हुता. तीन पुकारं झालं नि गडी मातीत नसला, की जोड गेली. आन् सांगलीसनं निघालेलं आमी तासगावातच पंक्चर काढत बसलो! मी, कोंडीबा नि गुंडा मागं; पुढं एकटा सयाजी. येरळेच्या काठाला आलो तर दिवस कलायला लागलेला.

पाणी घोट्याइतकंच, पण पल्याडची वाळू वाईट. गाडीनं जरा वेग धरला, की आपल्या मनानं वरचा गेर टाकायची. दम जायचा. बघता बघता चाकं रुतली. गुंडा ढकलायला उतरला, तसा सयाजी वराडला, "हात लावू नगंस! तुजं खांदं मैदानात पायजेत! बस आत!"

"सांग की आता तुज्या शाण्या गाडीला," कोंडीबा म्हणाला.

"शाणी हाय, पण हिला येरळा कुठं ठावं?" सयाजीनं स्टेरिंगखालची दांडी वढली ती पार शेवटच्या खाचंत. "आता एकच गेर, खालचा. बदलंल तर माज्या हुकमानं! ढकला!"

मी नि कोंडीबा भिडलो. गाडी गुरगुरली. जू मानंवर घेतलेल्या बैलागत मान खाली घालून रेटायला लागली. धावंना, पण थांबंना! वाळू आमच्या तोंडावर. सयाजीचा डावा पाय कवा बुडाखालनं निघून खालच्या फळीला रुतला, त्याला पत्ताच न्हाई. काठाचा चढ चढून गाडी वर आली, तसा गुंडानं आतनंच सदरा काढून फेकला.

मैदानात हलगी कडाडत हुती. पंच दुसऱ्यांदा नाव पुकारत हुतं. गुंडा माणसांच्या डोक्यांवरनं गेल्यागत आत गेला.

समोरचा गडी रेड्यावाणी. गुंडा घाईनं झोंबला नि दोनदा त्याची पकड निसटली. सयाजी मोटारीच्या टपावर चढून बोंबलला, "गुंड्या, घाई करू नगं! येरळंतला गेर धर!"

गुंडानं ऐकलं. कंबर धरली नि रेटायला लागला. सावकाश. इंच इंच. सोडीना. सगळं मैदान उभं ऱ्हायलं. आन् रेडा आडवा! पाठ मातीला! फेटं उडालं, हलगीवाल्याची टिपरी मोडली.

घरला निघताना कोंडीबा गाडीत शिरायला आला. सयाजीनं मागचं दार लावून धरलं नि स्टेरिंगमागची आपली मोकळी सीट दावली.

"बस की तितं. आपली आपण चालती ती."