विहिरीवरचा पोलादी दोर

लग्न ठरलं तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं होतं की मुलाची कापूस-सोयाबीनची शेती आहे आणि घरची क्रेन आहे. माझं माहेर यवतमाळचं, वडील कचेरीत नोकरीला. क्रेन म्हटल्यावर आमच्या घरात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती आल्या. दारव्ह्याजवळच्या सासरी अंगणात पाहिली ती क्रेन म्हणजे लोखंडी सांगाडा, डिझेल इंजिन, दोर गुंडाळायचा ड्रम, वर कप्पी आणि खाली भली मोठी बकेट. विहिरी खोदायचं यंत्र. शेतं मोकळी झाली की ते ट्रॅक्टरमागे जोडून गावोगाव न्यायचं आणि पेरणी तोंडावर आली की परत आणायचं.

इंजिनावर धाकटे दीर बसायचे. माझे यजमान माणसं घेऊन विहिरीत उतरायचे. सकाळी सर्वांत आधी तेच खाली जात आणि वर येत सर्वांत शेवटी.

पहिल्यांदा मी डबा घेऊन विहिरीवर गेले तेव्हा ते उतरायच्या तयारीत होते. बकेटीच्या काठावर एक पाय, एक हात दोरावर. दिरांकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि बघता बघता ते जमिनीखाली गेले. मागे उरला तो फक्त ताठ झालेला दोर. माझ्या करंगळीपेक्षा थोडासाच जाड. मी त्याच्याकडे पाहतच राहिले.

"भाऊजी, एवढ्याशा वायरवर माणूस सोडता?"

दीर हसले. "माणसाचं काय वजन, वहिनी? याच वायरवर गोटे येतात वरतं."

दुपारी त्यांनी जुन्या दोराचा एक तुकडा मला उलगडून दाखवला. मधोमध तेलात मुरलेली सुतळीसारखी वात. तिच्याभोवती सहा पेड, आणि प्रत्येक पेडात वेणी घातल्यासारख्या कितीतरी तारा. त्यातली एक तार मी ओढून काढली, बोटानं वाकवली, तर सहज वाकली. दोर कप्पीवरून जातो तेव्हा या सगळ्या तारा एकमेकींवरून घसरतात, पुन्हा जागेवर येतात, म्हणून त्यांना आतून तेल लागतं, असं ते सांगत होते. मी ऐकत होते, पण मन त्या वाकलेल्या तारेतच अडकलं होतं. एकटी असताना माझ्या बोटाला दबणारी ही तार साऱ्याजणींत मिसळली की खडक उचलते. मला ते फार मोठं वाटलं. आजही वाटतं.

त्या दिवसापासून दोर माझ्याकडे आला. कुणी दिला नाही, मीच घेतला. आधी त्याला इंजिनचं काढलेलं काळं तेल फासायचे. त्या तेलात लोखंडाचा कीस असतो, तो आतल्या आत तारा घासतो, हे मी विचारून, वाचून शिकले आणि ते बंद केलं. पातळ, आत झिरपणारं वंगण आणायला लावलं. रोज सकाळी कुणी उतरायच्या आधी दीर ड्रम अगदी हळू फिरवायचे आणि मी जाड चामडी हातमोजा घालून, घरच्या कापसाचा बोळा दोरावर धरून उभी राहायची. तार तुटलेली असली की तिचं टोक काट्यासारखं बाहेर येतं. डोळ्यांना दिसत नाही, कापसाला बरोबर सापडतं.

पुढे कळंबकडच्या एका माळावर विहीर चालू होती, आमचा मुक्कामही तिथंच. शेतकऱ्याचं घर शेतातच. त्याची म्हातारी आई दिवसभर काठी टेकत विहिरीशी येई आणि विचारी, "लागलं का बावा?" खाली ओल दिसायला लागली होती. यजमान म्हणत होते, आणखी एक थर फोडला की पाणी.

त्या सकाळी मी बोळा धरला आणि दोराच्या मधल्या भागात तो अडकला. कापसाचे धागे लोंबत राहिले. मी हात वर केला. दिरांनी इंजिन बंद केलं. आदल्या दिवशी मोठा गोटा वर येताना ड्रमवर दोराचा एक फेर दुसऱ्यावर चढला होता. तिथं दोर दबून चपटा झाला होता आणि तारा तुटून बाहेर आल्या होत्या.

यजमान बकेटीत चढलेच होते. "काहून थांबली?"

"वायर दबली हाय. तारा तुटल्या. खाली जाऊ नका."

ते उतरून आले, बोट फिरवून पाहिलं. "आजच्या दिवस चालते हे. एक थर राह्यला फक्त. घरचे सारे वाट पाहून राह्यले, त्या बुढीले काय सांगू?"

"सांगा, वायर बदलून राह्यलो म्हणून."

"तुले भेव वाटते म्हणून काम बंद करू का?" आवाज चढला होता. भोवती माणसं उभी होती.

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी बकेटीजवळ गेले आणि काठावर पाय ठेवला. "चालते ना? मंग मलेच सोडा खाली."

यजमान माझ्याकडे पाहत राहिले, मग दोराकडे. मग ते ट्रॅक्टरकडे गेले, छिन्नी आणि घण घेऊन आले, दबलेला भाग एका सपाट गोट्यावर ठेवला आणि स्वतःच्या हातानं दोर तोडला. दिरांना एवढंच म्हणाले, "हिले यवतमाळले घेऊन जाय. हे सांगन तेच वायर आण."

यवतमाळच्या वायरच्या दुकानात मी आधी कधी गेले नव्हते. आत गेले आणि दारातच थबकले. लाकडी चाकांवर गुंडाळलेले दोर एकावर एक छतापर्यंत लागले होते. काही सुतासारखे बारीक, काही मनगटाएवढे. ग्रीसचा दाट वास. अंधारात त्यांच्या पिळांवर मंद चमक होती. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो, तसा माझा आला.

दुकानदार दिरांशी बोलू लागले तेव्हा दीर म्हणाले, "वहिनीले विचारा."

मी म्हटलं, "आहे त्याच्याहून जाड द्या. म्हणजे मजबूत राहील."

"भाभी, कप्पी केवढी आहे?" त्यांनी विचारलं. मी हातानं दाखवली. "मग जाड नको. लहान कप्पीवर जाड वायर घातली की रोज तिचं कंबरडं मोडते. काम काय, ते सांगा आधी."

मी सांगितलं. किती खोल जायचं, किती वजन येतं, खाली पाणी असतं, माणसं बसतात, आणि बकेट अधांतरी असल्यानं गरगर फिरते. ते मध्येमध्ये प्रश्न विचारत होते, मी उत्तरं देत होते. शेवटी त्यांनी जस्ताचा मुलामा दिलेला एक दोर पुढे ओढला. त्यात आतले पेड एका बाजूला पिळलेले होते आणि बाहेरचे उलट बाजूला.

"ओझं लागलं की आतले इकडे फिरायला पाहतात, बाहेरचे तिकडे. एकमेकांना धरून ठेवतात. बकेट शांत राहते," ते म्हणाले.

कुणाच्या मनात हे पहिल्यांदा आलं असेल? मी टोकाशी बसून ते उलटसुलट पीळ बोटानं चाचपत राहिले. दिरांनी दोनदा हाक मारली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी माळावर दोर उलगडला. पडलेल्या वेटोळ्यातून दोर ओढला तर त्याला मुरड पडते, आणि एकदा मुरड पडली की तो कायमचा अधू होतो. म्हणून आम्ही ते चाक उभं करून नांगरलेल्या रानाच्या कडेनं हळूहळू गडगडत नेलं. खाली ताडपत्री अंथरली, माती लागू नये म्हणून. म्हातारीही काठी टेकत शेवटपर्यंत सोबत चालली. मग ड्रमवर फेराला फेर लावून ताणून दोर भरला. आधी हलके गोटे वर घेतले, मग जड. प्रत्येक वेळी मी दोर पाहिला, टोकाचे क्लॅम्प पाहिले, पुन्हा आवळले. यजमान बाजूला उभे होते, घाई करत नव्हते.

सगळं झाल्यावर मी म्हटलं, "आज मी पण येते."

त्यांनी बकेटीचा काठ धरून ठेवला. "चाल."

बकेट सुटली. खरंच फिरली नाही. वरची काळी माती पहिल्यांदा डोळ्यांपुढून गेली, तिच्यात कपाशीची बारीक मुळं लोंबत होती. मग पिवळा मुरूम. मग खडक, काळा, सरळ कापलेला. मध्येच विटेसारखा तांबडा पट्टा, आणि त्याखाली पुन्हा काळा. हवा गार होत गेली. इंजिनचा आवाज दूर गेला आणि हाताखालचा दोर गुणगुणायला लागला, अगदी बारीक, तंबोऱ्याच्या तारेसारखा. मी वर पाहिलं. आभाळ थाळीएवढं झालं होतं आणि दोर वर जाता जाता केसासारखा होऊन त्या उजेडात विरला होता. आम्ही दोघं त्या केसाला लटकलेलो. मला भीती वाटायला हवी होती. पण छातीत काहीतरी भरून आलं होतं, ते भीतीहून निराळं होतं.

तळाशी उतरल्यावर यजमानांनी पहारीनं एक भेग मोकळी केली. आधी नुसतीच ओल. मग खडकाच्या पोटातून बोटाएवढी धार आली, दगडाच्या भुकटीनं दुधासारखी पांढरी. तिला आवाज होता. मी ओंजळ धरली. बर्फासारखं गार पाणी. ते माझ्याकडे पाहत होते, पाण्याकडे नाही.

वरून दिरांची हाक आली, "लागलं का?"

"लागलं!" मीच ओरडले. तो शब्द भिंतींवर घुमत वर गेला आणि वर गलका उठला.

काम संपवून क्रेन घरी नेताना मी ट्रॅक्टरवर यजमानांशेजारी बसले होते. एरवी मोजकं बोलणारा हा माणूस त्या दिवशी आपणहून बोलायला लागला. एका विहिरीत म्हणे शिंपल्यांचा थर लागला होता, इथं, समुद्र कुठे आणि आपण कुठे. आणि पांढरकवड्याकडे एका शेतात खोदताना काळ्या दगडाचे खांबच लागले, कुणी घडवून उभे केल्यासारखे, सहा बाजूंचे, एकाला एक चिकटलेले.

"मंग काय केलं?"

"काय करतो? बसलो तिथंच थोडा वेळ. पाहून राह्यलो."

"मले काहून सांगतलं नाई कधी?"

त्यांनी नजर रस्त्यावरच ठेवली. "तू उतरली नव्हती ना," ते म्हणाले, आणि पुढच्या विहिरीचं सांगायला लागले.