टक्याचा भाव शोधत शेंदूरजनाघाटला

पुण्याहून निघालेली गाडी सकाळी अकोल्याला थांबली, तोवर मी कोणाशी एक शब्दही बोलले नव्हते. अकोल्याला समोर येऊन बसलेल्या काकूंनी डबा उघडला, कचोरी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "कुठी चालली व?"

"शेंदूरजनाघाटला."

"लग्न हाय का?"

"नाही. टक्याचा जुना भाव बघायचाय. टका म्हणजे बांगलादेशचा रुपया."

"मंग तो घाटात कसा भेटते?" असं म्हणून त्यांनी दुसरी कचोरी दिली.

प्रश्न बरोबर होता. वऱ्हाडातली संत्री ट्रकांनी बांगलादेशात जातात. रुपयाला किती टके, हा बँकांचा जुना दर घरबसल्या मिळतो, पण तो डॉलरवरून काढलेला असतो. संत्र्यांच्या व्यापाऱ्याला प्रत्यक्षात कोणता दर पडला, ते त्याच्या वहीतच सापडतं. राजाभाऊ नावाच्या तिथल्या व्यापाऱ्यांनी मला वहीच्या पानांचे फोटो पाठवले होते. मधले तीन हंगाम गायब होते. ते मिळाले नाहीत तर प्रबंधातलं हे प्रकरण गाळ, असं माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते. सगळ्या प्रबंधात मला आवडायचं ते तेवढंच.

अमरावतीला उतरून स्टँडजवळ गिला वडा (दही-चटणीत भिजवलेला उडदाचा वडा) खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसरी प्लेट मागवली. मग वरूडची एसटी. मोर्शी मागे पडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा सुरू झाल्या. आंबिया बहार (हिवाळ्याच्या तोंडावर उतरणारं फळ) भरात होता. फांद्या इतक्या लगडलेल्या, की खाली बांबूचे टेकू दिले होते. हिरव्या पानांत एवढा केशरी रंग मी कधी पाहिला नव्हता. शेजारच्या आजोबांच्या पुढून वाकून दोन्ही खिडक्यांतून बघत होते. शेवटी त्यांनीच उठून मला खिडकी दिली.

वरूडहून ऑटोने राजाभाऊंच्या शेडवर पोचले तेव्हा दुपार झाली होती. दाराशी सावलीत तीन माठ होते. दोन पेले थंड पाणी प्यायले आणि आत गेले. फिरत्या रुळांच्या मशीनवरून संत्री आकाराप्रमाणे वेगळी होऊन घरंगळत होती. बायका ओळीने बसून डागी फळ बाजूला काढत होत्या. सगळ्या शेडला सालीचा वास.

राजाभाऊंनी वही माझ्यासमोर ठेवली. मधल्या पानांची जाळी झाली होती.

"वाळवीनं बराबर तेच पानं खाल्ले, ताई. तिले बी टक्याचाच भाव पायजे होता."

मी हसले. एवढ्या लांब येऊन 'थँक यू' म्हणून निघायचं? मी पर्स उचललीच होती.

"राजाभाऊ, त्या पोरीले फळी काहून नाही दाखवत?" मशीनच्या कडेला बसलेल्या एक बाई म्हणाल्या. त्यांचं नाव शेवंताबाई. तीस वर्षं इथं फळ निवडतात.

"कोणती फळी वो?"

"मशीनच्या आंधीची. भोकाची." मग माझ्याकडे वळून त्या सांगू लागल्या. मशीन नव्हती तेव्हा फळीतल्या गोल भोकांतून फळाचा आकार बघायचा. "हंगामाचा पह्यला ट्रक निघे, तवा या राजाभाऊचा बाप फोन ठेवून वरडे, टक्याचा भाव इतका, भोक हे. मी तवाच खिळ्यानं कोरून ठेवो. मंग कोणी म्हनाले नको, का शेवंतानं चुकीचा माल भरला."

"आता कुठं आहे ती फळी?" माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"कुठी जाईन? तिच्यावरच्याच माठातलं तं पाणी पेली तू."

मी धावतच दाराशी गेले. माठ भोकांत घट्ट बसले होते, आणि तिन्ही भरलेले. बारा जणींचं पिण्याचं पाणी. एरवी मी पाणीसुद्धा मागून घेत नाही. पण तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी ओतते. परत भरूनही मीच देते."

"सांडा खुशाल, बोअर आपलीच हाय," राजाभाऊ म्हणाले.

तिसरा माठ तिरपा झाला आणि निम्मं पाणी माझ्या कुर्त्यावर आलं. आतून कोणी म्हणालं, "आंघोळ पुण्यालेच करून याची व!" बायका हसल्या, मीही.

फळी पुसली. लहानापासून मोठ्यापर्यंत पाच भोकं आणि प्रत्येकाशेजारी कोरलेली सालं. एका सालापुढे एकाचा आकडा आणि तीन काड्या होत्या. इंग्रजी शाळेत हे कोणी शिकवलं नव्हतं.

"एक काडी म्हंजे पाव," शेवंताबाई म्हणाल्या. "एक, आन् तीन पाव. रुपयाले पावनेदोन टके."

ते सगळ्यात लहान भोकाजवळ होतं. सव्वाचे आकडे सगळे मोठ्या भोकापाशी.

"टका पडला का तिकडच्या लोकायले आपलं संत्र महाग पडे, मंग लहान मांगत. टका वर आला का मोठं भोक."

संगणकावर दोन महिने खपून काढलेला, दर आणि फळाचा आकार यांचा माझा आलेख त्या लाकडात होता, आणि तो त्यांना पाठ होता. फोटो तीनदा काढला. हरवलेल्या तीन हंगामांपैकी दोन स्पष्ट मिळाले. तिसऱ्याचं साल वाचता आलं. दर मात्र माठातून पाझरणाऱ्या पाण्याने खाल्ला होता. राहिलं होतं ते फक्त ठिकाण: लहानाकडून दुसरं भोक.

मी माठ भरून दिले. निघताना शेवंताबाईंनी ओंजळभर संत्री पिशवीत टाकली. "मोठ्या भोकाचे हायेत," म्हणाल्या.

संध्याकाळी अमरावतीहून परतीची गाडी सुटल्यावर मी तक्ता उघडला. दोन आकडे भरले. तिसऱ्या घरात अंदाजाने दर लिहिता आला असता, आजूबाजूचे दर समोरच होते. मी लिहिलं, 'दर पुसला गेला; भोक दुसरं.' स्रोताच्या रकान्यात लिहिलं, 'संत्री निवडायची फळी, शेंदूरजनाघाट, कोरणाऱ्या शेवंताबाई.'

सर भुवया उंचावतील. आजवर त्यांच्यासमोर मी मान डोलवून खोलीबाहेर पडत आले. या वेळी फळीचा फोटो टेबलावर ठेवून काड्यांचा हिशोब मीच त्यांना समजावून सांगणार आहे. अकोला आलं तेव्हा मी संत्रं सोललं आणि शेजारच्या मुलीला, तिने काही विचारायच्या आधीच, अर्धं दिलं.