आपल्यातला एल्म

इंग्लंडमधल्या आमच्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात मीटिंग दोन तास चालते आणि निर्णय पाच मिनिटांत होतो. उरलेल्या वेळात किस्से तयार होतात. हे एकाच झाडाचे.

हॉलमागच्या अंगणात सावली नव्हती. एका उन्हाळ्यात समर लंचला निम्मे ज्येष्ठ पार्किंगमध्ये, गाडीच्या एसीत बसून जेवले. झाड लावायचं ठरलं. कुणीतरी आंबा सुचवला. अध्यक्षांनी तो मताला टाकला. आंबा थोडक्यात पडला.

*

मग कौन्सिलची ट्री ऑफिसर हेलन आली. म्हणाली, एल्म लावा, मोठा होणारा सावलीचा वृक्ष आहे. आमचे डॉक्टर जोशी, छातीचे रिटायर्ड कन्सल्टंट, तिथंच फोनवर वाचू लागले.

"या देशातले बहुतेक एल्म रोगानं गेलेत."

"ही जात रेझिस्टंट आहे."

"रेझिस्टंट म्हणजे इम्यून नव्हे. फॅमिली हिस्टरी काय?"

हेलन शांतपणे म्हणाली, "मूळ घराणं आशियातलं. तिकडचे बरेच एल्म हा रोग पचवतात."

मागच्या रांगेतून कांबळेकाका म्हणाले, "मग आपल्यातलाच आहे. लावा."

*

निघताना हेलनला कुणीतरी विचारलं, सावली कधी पडेल?

"चांगली म्हणाल तर पंधरा-वीस वर्षांनी."

हॉलमध्ये बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे. डॉक्टरांनी विचारलं, "आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत पाणी घाला," हेलन म्हणाली.

*

नोव्हेंबरमध्ये एल्म लावला. जूनमध्ये पानं पिवळी पडली. डॉक्टर भिंग घेऊन रोज खोड तपासायचे. रोग पसरवणारा भुंगा सापडेना, म्हणून त्यांची काळजी आणखी वाढली. रात्री झोप लागत नाही म्हणाले. हेलनला बोलावलं.

तिनं मातीत बोट खुपसलं. चिखल.

"पाणी कोण घालतं?"

अंगणात उभ्या सगळ्यांनी हात वर केले. डॉक्टरांनीही.

*

पुढच्या वर्षीच्या समर लंचला कडक ऊन होतं. एल्म तगला होता, पण अजून काठीएवढाच जाड. सगळे आत जेवत होते. कांबळेकाका, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, फोल्डिंग खुर्ची घेऊन झाडाजवळ जाऊन बसले. झाडाची सावली त्यांच्या एका गुडघ्यावर पडली होती.

थोड्या वेळानं त्यांच्या पत्नी सुशीलाकाकू ताट घेऊन बाहेर आल्या. आम्हाला वाटलं, आता काकांना आत नेणार. त्यांनी सावलीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि दुसरी खुर्ची उघडली.

"थोडं सरका की," त्या म्हणाल्या. "सगळी तुम्हीच घेऊन बसलाय."

काका सरकले.