उचलून घेतलेलं असताना पडणं

इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागातल्या त्या गृहस्थांना सगळे सांभाळूनकाका म्हणत. कुणी स्टुलावर चढलं किंवा नुसतं जिना उतरायला निघालं, की ह्यांच्या तोंडून 'सांभाळून' आलंच म्हणून समजा.

काम म्हणाल तर मोडलेल्या हाडांची वर्गवारी. डॉक्टर फायलीत लिहिणार, 'हात मोडला'. कुठला हात, कुठलं हाड, कातडी फाटून बाहेर आलं की आतल्या आत, हे काकांनी शोधायचं आणि ठरलेला कोड टाकायचा, म्हणजे जगात कुठेही वाचणाऱ्याला तीच इजा कळावी. इथवर ठीक. पण पुढे आणखी एक कोड लागतो, हे झालं कसं त्याचा. खुर्चीवरून पडून, शिडीवरून, ओल्या फरशीवर घसरून. माणूस कशाकशावरून पडतो याची इतकी बारीक यादी एका भित्र्या माणसाच्या हाती द्यावी, ही निव्वळ चेष्टाच म्हणायची.

त्यातला एक कोड काकांच्या मानगुटीवर बसला होता. कुणीतरी उचलून घेतलेलं असताना पडणं. त्या फायली बहुतेक तान्ह्या बाळांच्या. आणि घेणारं कोण? आई, मावशी, आजोबा. त्यांतलं कुणीही निष्काळजी नव्हतं. सगळ्यांनी घट्टच धरलं होतं. काकांना ह्याचीच भीती वाटे.

म्हणून मुलगी बाळाला घेऊन माहेरी आली, तरी त्यांनी नातीला एकदाही उचललं नाही. पाळण्यापाशी उभं राहून चुटक्या वाजवायचे. पण "बाबा, घ्या ना" म्हटलं की कधी पाठ धरलेली असायची, कधी हात ओले. खरं कारण सांगायची सोय नव्हती. हे भूत मुलीच्या डोक्यात शिरलं तर तीही पोरीला घ्यायला घाबरेल, ह्या धास्तीने ते गप्प बसत.

शेवटी मुलीचा धीर सुटला. "मुलगा असता तर घेतला असता ना?"

काका घाईघाईने म्हणाले, "असं काही नाही गं."

"मग काय आहे ते सांगा. नाहीतर उद्या मी जाते, आणि परत काही येत नाही."

काका पाळणा हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेली होती. मुलगी बाळाला खांद्यावर टाकून बॅग भरत होती. अंगात कणकण, आणि रागाच्या भरात पोटात काही नाही. ती एकदम भिंतीला टेकली. "बाबा, मला गरगरतंय. धरा हिला!"

काकांनी धावत जाऊन पोरीला घेतलं. मुलगी कॉटवर आडवी झाली.

काका खोलीच्या मधोमध उभे. पुढे बॅगेचा पट्टा, मागे चटईचा मुडपलेला कोपरा, बाजूला टेबलाची कड. पाऊल टाकायची हिंमत होईना. तेवढ्यात बाळाने मान मागे टाकली. काका होते तिथेच हळूहळू खाली बसले आणि पोरीला मांडीत धरून राहिले.

"बाबा, खाली काय बसलात? इकडे कॉटवर या."

"नको. जमिनीवर बसलेल्याच्या हातून कुणी पडल्याची फाइल माझ्याकडे कधी आली नाही."

"म्हणजे?"

मग मान खाली घालून काकांनी सगळं सांगितलं. मुलगी कॉटवरून उतरून त्यांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली.

"हिला आंघोळ घालताना माझे हात रोज कापतात, बाबा," ती म्हणाली. "मला वाटायचं, मलाच येत नाही."

दार वाजलं. बायको पिशव्या घेऊन आत आली आणि तिघांना फरशीवर बघून थबकली. "अगंबाई! कॉट झिजते की काय? आणि हात केवढे थरथरतायत तुमचे. आणा तिला इकडे."

"थरथरू देत," काका म्हणाले. "राहू दे तिला माझ्याकडे."