पहिल्या फेरीत हरलेल्यांची स्पर्धा

माझ्या सासूबाई जर्मन आहेत. आम्ही एकमेकींना ‘दू’ म्हणतो, म्हणजे सरळ अगं-तुगं. पण मी पुण्याची, त्यामुळे मनातल्या मनात त्या मला ‘अहो आई’च. टाऊनुसच्या डोंगराखाली औषधी झऱ्यांचं एक जुनं गाव आहे, तिथे त्या राहतात. मी आणि नवरा जवळच, र्युसेल्सहाइमला. तिथल्या मोटारींच्या कारखान्यात मी इंजिनिअर आहे.

घरात आईंची एक थट्टा कायम चालायची. तरुणपणी त्यांनी टेनिसची स्पर्धा जिंकली होती, पण ती होती ट्रोस्टरुंड, म्हणजे पहिल्याच फेरीत हरलेल्यांच्या समाधानासाठी ठेवलेली. वाढदिवसाला केक कापला की माझा नवरा हमखास म्हणायचा, “आमची आई हरणाऱ्यांत पहिली!” सगळे हसायचे. आईही हसायच्या. मला मात्र ते कधी रुचलं नाही.

मग गावातल्या टेनिस क्लबचा मोठा वर्धापनदिन आला. सभासदांनी जुन्या काळाविषयी थोडं थोडं बोलावं असं ठरलं. मी तिथे रविवारी खेळते, तेही बेताचंच. तरी हात वर केला. “मी ट्रोस्टरुंडचा इतिहास सांगते.”

अध्यक्ष गडबडले. “म्हणजे... विजेत्यांवर बोललीस तर बरं नाही का? ती स्पर्धा बंद पडूनही जमाना झाला.”

“तिच्यातही कुणीतरी जिंकायचंच की,” मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी आईंकडे गेले. त्या श्पार्गल, म्हणजे शतावरीचे पांढरे जाडजूड कोंब, सोलत बसल्या होत्या. माझ्याही हातात एक सोलाणं देऊन त्या सांगायला लागल्या.

“व्हिक्टोरिया राणीच्या काळात इथे इंग्रज यायचे. सकाळी झऱ्याचं पाणी पिऊन झालं की दिवसभर करायचं काय? त्यांनी हिरवळीवर जाळी बांधली. उन्हाळ्यात आठवडाभर स्पर्धा. पण सोमवारी हरलेला माणूस शनिवारपर्यंत काय करणार? घर समुद्रापलीकडे. म्हणून हरलेल्यांची वेगळी स्पर्धा काढली. खरी मजा तिथेच यायची म्हणे. हे मला क्लबच्या म्हाताऱ्या सेक्रेटरीबाईंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी.”

“मग बंद का पडली?”

“युद्धांत थांबली, पुन्हा सुरू झाली. मोटारींपुढे मात्र टिकली नाही. हरलं की लोक संध्याकाळी घरी. शेवटच्या वर्षी अर्ध्याअधिक जणी निघून गेल्या.”

“आणि तू?”

“माझ्याकडे सायकल. औषधाच्या दुकानात नोकरी होती, मालकाशी भांडून आठवड्याची रजा घेतलेली. पहिल्या सामन्यात एका डॉक्टरच्या मुलीनं मला धुऊन काढलं. घरी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल काढली. अंतिम सामना बघायला सेक्रेटरीबाई आणि त्यांचा कुत्रा, एवढेच. पाऊस भुरभुरत होता, गवतावर पाय घसरत होते. पहिला सेट गेला. मग मी बूट काढून फेकले.”

“अनवाणी खेळलीस?”

“हो. आणि जिंकले.” त्यांनी सोललेला कोंब पाण्यात टाकला. “पुढच्या वर्षी गवत उकरून लाल मातीची कोर्टं केली. ती स्पर्धा पुन्हा कुणी घेतली नाही.”

हे त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं.

वर्धापनदिनाला सभागृह भरलं होतं. माझं जर्मन चालतं, पण नामांच्या लिंगांचे ते डेअर-डी-दास ऐन वेळी दगा देतात. तरी हातात कागद न घेता बोलले. इंग्रज पाहुण्यांपासून सुरुवात केली आणि त्या अनवाणी मुलीपर्यंत आले. म्हटलं, “ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसली आहे. मी तिची सून.”

सगळ्या माना वळल्या. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. लोक उभे राहिले. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आई लालबुंद होऊन उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “एक दुरुस्ती. कुत्रा अर्ध्यातून निघून गेला होता.”

घरी जाताना आई आमच्याच गाडीत होत्या. नवरा म्हणाला, “आई, तू हे कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलंस?”

क्लबनं त्याच उन्हाळ्यात ट्रोस्टरुंड पुन्हा सुरू केली, लाल मातीवरच. माझा नवरा मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत हरला. बॅग खांद्याला लावून निघाला, तर दाराशी आई उभ्या. त्यांनी ट्रोस्टरुंडच्या यादीकडे बोट दाखवलं. तो परत फिरला आणि त्यानं नाव दिलं. दोन सामने जिंकला, तिसऱ्यात एका निवृत्त शिक्षकांनी त्याला पळवून पळवून दमवलं. घामानं निथळत तो बाहेर आला, तेव्हा आईंनी आधी त्याचा हात हातात घेतला आणि मग शेजारच्या बाईंना अभिमानानं सांगितलं, “हा माझा मुलगा.”